कायद्याचा बडग्या

आमच्या गल्लीचा बडग्या माझे सासरे बांधत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, गावाची इडापिडा घेऊन जाणारी मोठी बाहुली, निघते आणि तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे निघतात, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी कळमेश्वरची. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तोंडात बोट घालून पाहतच राहिले होते. बांबूच्या कामट्या, भाताचं तणस, जुने कपडे आणि रद्दी यांचा पुरुषभर उंचीचा बाहुला. त्या वर्षी लोकांना ज्याचा जाच झाला असेल त्याचं नाव त्या बाहुल्याला द्यायचं. रॉकेलचा काळाबाजार, हिवताप, हुंडा, नळाला न येणारं पाणी. मग त्याला गाडीवर उभं करून, गावभर त्याच्या नावानं ओरडत मिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. मला तर ही पद्धत फार आवडली. वर्षभर मनात कुढण्यापेक्षा एक दिवस रस्त्यावर ओरडलेलं बरं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांचं नाव बाबनराव. जात कोष्ट्याची, सारा जन्म मागावर गेलेला. त्यांनी बांधलेल्या बडग्याला खांदे असत, पोट असे, कोपरात वाकलेला हात असे. बाकीच्या गल्ल्यांचे बडगे पाहिले की कुणीतरी गादी उभी केल्यासारखी वाटे. लोक इतवारीतून मुद्दाम आमचा बडग्या बघायला येत, आणि मामाजी ओट्यावर बसून, आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्यानं सुपारी कातरत.

मी सांगते आहे ती गोष्ट पंच्याऐंशी सालची. त्या वर्षी आमच्याच घरात पीडा आली होती.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पूर्वी मामाजींचा माग होता. खड्ड्यात पाय सोडून विणायचा तो जुना माग. मामाजींनी स्वतःच्या डोक्यानं एक काठ बसवला होता, बाभळीच्या फुलांचा. बारीक बारीक पिवळे गोंडे, एकाला लागून एक. त्या काठाची लुगडी उमरेडपासून नरखेडपर्यंत जात. मग कुठल्याशा गावच्या यंत्रमागवाल्यानं एक लुगडं नेलं, धागा धागा उसवून पाहिलं, आणि दोन महिन्यांत तोच काठ बाजारात निम्म्या किमतीत आला. मामाजी विणकरांच्या सोसायटीत गेले, कलेक्टर कचेरीत गेले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, की फुलं काय तुमच्या एकट्याची आहेत का, बाभळी गावोगावी आहेत. माग बंद झाला. माझ्या माहेरून आलेल्या लुगड्यांतलं एक तेच होतं, यंत्रावरचं. लग्नानंतर ते मी दोरीवर वाळत घातलं, तेव्हा मामाजी जवळ येऊन काठ न्याहाळत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "स्वस्त भेटलं असन." मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. पुढे सासूबाईंनी, त्या होत्या तोवर, हळूहळू सगळं सांगितलं.

मागाचा खड्डा बुजवून, वर फरशी घालून यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जागेश्वरनं, तिथे कॅसेटचं दुकान टाकलं. विकायच्या कॅसेट नावाला चार. खरा धंदा भरून देण्याचा. लोक कोरी कॅसेट आणत, हवी ती गाणी सांगत, आणि हे दोन डेक जोडून इकडची गाणी तिकडे उतरवून देत. हिंगण्याच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटली की कंपनीची माणसं मोटारसायकली लावून उभी राहत. नरखेडकडचे संत्रेवाले लग्नसराईत येत. आमच्या गल्लीतल्या यमुताईंना फक्त भजनं लागत, पण त्यातही त्यांना नको असलेल्या बुवाचं एकही चालत नसे. सगळ्यांना आपल्या आवडीचं तेवढंच, स्वस्तात. यात कुणाचं काही जातं, असं आमच्या गल्लीत कुणाच्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. मामाजींच्या मनात येत असेल, पण ते बोलले नाहीत. त्या दुकानाच्या भाकरीवर ते जेवत होते आणि मीही जेवत होते.

मग कायदा कडक झाला. गाण्यांची आणि सिनेमांची चोरी म्हणजे आता सरळ फौजदारी. आखाड लागला आणि एका दुपारी आमच्या दारात जीप उभी राहिली. पोलिसांसोबत मुंबईहून आलेला कुणी सफारीतला माणूस होता, गाण्यांच्या कंपनीचा. तो आमच्या दुकानात बोट दाखवत फिरत होता आणि हवालदार कॅसेटी पोत्यात भरत होता. दोन्ही डेक गेले. यांनाही नेलं. दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं, पण गल्लीनं यांना जीपमध्ये बसताना पाहिलं ते पाहिलंच.

चोर हा शब्द कुणी तोंडावर म्हणालं नाही. लोक फार चांगले असतात हो, तोंडावर कधी म्हणत नाहीत. नळावर गेलं की बोलणं थांबायचं, एवढंच. एकट्या यमुताई मात्र उघड आमच्या बाजूनं भांडल्या. "काहून गा," त्या हवालदारालाच म्हणाल्या होत्या, "मले दोन भजनं पायजे, अन् त्यासाठी मी त्या बुवाची बारा ऐकू? माहे कान आहे का कचरापेटी?" हवालदार पोत्याचं तोंड बांधू लागला. त्याच्या बायकोच्या मंगळागौरीची कॅसेट आमच्याच दुकानातून भरून गेली होती.

धाडी शहरभर पडल्या होत्या. गांधीबागेत एक व्हिडिओ पार्लर होतं, त्याचे मालक मधुकरराव. त्यांचाही टीव्ही आणि व्हीसीआर उचलून नेला होता. त्यांनी सगळ्यांना जमवून संघटना काढली. एक दिवस दुकानं बंद ठेवली. डिसेंबरात विधानसभा नागपूरला आली की मोर्चा न्यायचा, हेही ठरलं. गिऱ्हाइकंसुद्धा सोबत यायला तयार होती. कायदा गरिबाचं गाणं बंद करतो, असं मधुकरराव सभेत म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. मलाही ते पटायचं. सफारीतल्या माणसाचं बोट आठवलं की आणखीच पटायचं.

पोळ्याच्या आधी आठेक दिवस मधुकरराव आमच्या घरी आले. मामाजी ओट्यावर होते.

"बाबनराव," मधुकरराव म्हणाले, "औंदा तुमच्या गल्लीचा बडग्या आमाले पायजे. काळ्या कायद्याचा. पेपरवाले येतीन, फोटो निघन. तुमच्या हातचा असला त सारं नागपूर पाह्यन."

मामाजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पाहू," म्हणाले.

मधुकरराव गेले तसे हे आत आले आणि माझ्याजवळ चुलीपाशी बसले. जीप येऊन गेल्यापासून हे घरात फार बोलत नव्हते. त्या दिवशी बोलले.

"सिंधू, बाबानं बडग्या बांधला पायजे वं."

"फोटोसाठी?"

"फोटो गेला खड्ड्यात. बाबाचा काठ चोरीले गेला हे साऱ्या गल्लीले माहीत आहे. आता त्यांनंच या कायद्याचा बडग्या बांधला, त लोक समजतीन का बाप पोराच्या बाजूनं आहे. अन् नाही म्हनलं, त मंग झालंच. कोर्ट काही म्हनो, मी चोरच. घरच्यानंच तसा ठरवला."

"मग विचारा ना त्यांना तसं."

"मले नाही विचारता येत."

याला काय म्हणावं! तीस वर्षांचा बाप्या, एका मुलीचा बाप, आणि समोरच्या ओट्यावर बसलेल्या स्वतःच्या बापाला एक वाक्य विचारता येत नाही. कोष्ट्यांच्या घरात हे असंच. दिवसभर मागाचा खडखडाट असायचा, कुणाला काही ऐकू जायचं नाही, मग बोलायची सवयच लागली नाही. मी म्हटलं, मी विचारते. हे नको म्हणत राहिले, आणि मी चहा घेऊन ओट्यावर गेले.

"मामाजी, बडग्या बांधणार का?"

त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. मला वाटलं, आता सांगतील की माझा काठ गेला तेव्हा असा कायदा मागायला मी दारोदार फिरलो, आणि आता त्याच कायद्याला जाळू? मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण ते म्हणाले, "जागेश्वरचा अंगावरचा एक सदरा दे मले. धुतलेला नोको. अंगावरून उतरवलेलाच दे."

एवढंच. म्हणजे बांधणार. मला इतका आनंद झाला की सदरा कशाला, हेसुद्धा मी विचारलं नाही. आत भरायला चिंध्या लागतातच. यांनी त्याच वेळी उतरवून खुंटीला लावलेला सदरा मी तसाच नेऊन दिला. आता तो सदरा कसा होता हे सांगितलं पाहिजे. पिवळा धम्मक, त्यावर हिरवे पोपट. कपड्याच्या बाबतीत यांची आवड म्हणजे मी काय बोलू! दुकानात बसताना हे नेहमी तोच घालत. गिऱ्हाइकं पत्तासुद्धा तसाच सांगत, पोपटाच्या सदऱ्यावाल्याकडे जा म्हणून. मला तो मेला सदरा कधीच आवडला नव्हता, त्यामुळे तो चिंध्यांत गेला तर बरंच, असंही मला वाटलं.

मामाजींनी मागच्या अंगणात ताडपत्री बांधली आणि आत बडग्या उभा करायला घेतला. काम चालू असताना ते कुणाला पाहू देत नसत. हे दोन-तीनदा ताडपत्रीजवळ जाऊन आले, आतून कामट्या चिरल्याचा आवाज ऐकून परतले. त्या दिवसांत हे नीट जेवले. मुलीला खांद्यावर घेऊन बैलांच्या बाजारात तिच्यासाठी लाकडी बैल आणायलाही गेले. आपला नवरा पुन्हा माणसांत आला म्हणून मी मनातल्या मनात मामाजींच्या पाया पडत होते.

पोळ्याच्या दिवशी चौकीवरून एक शिपाई येऊन गेला. बडग्या पाहिजे तसा करा, म्हणाला, पण त्याच्या डोक्यावर पोलिसाची टोपी दिसली तर गाडी पुढे जाऊ देणार नाही. मामाजींनी खरंच खाकी पुठ्ठ्याची टोपी केली होती. ती त्यांनी मुकाट्यानं काढून शिपायाच्या हातात दिली. मधुकरराव म्हणाले, काही बिघडत नाही, मी 'काळा कायदा' अशी मोठी पाटी रंगवून आणतो, ती गळ्यात घातली की काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल आले होते. गाडी सजली होती. मामाजींनी आणि आणखी दोघांनी चादरीत गुंडाळलेला बडग्या आणून गाडीवर उभा केला आणि बांधला. मधुकररावांची पाटी अजून आली नव्हती, रंग वाळला नाही असा निरोप आला होता. पण गल्लीला कुठे दम! पोरं ओरडू लागली, उघडा, उघडा. मामाजींनी चादर ओढली.

पोपटाचा सदरा.

सदरा चिंध्यांत गेला नव्हता. तो बडग्याच्या अंगात होता, बटणं लावून, बाह्या दुमडून, हे दुमडत तशा. आणि त्या सदऱ्याच्या आत यांचेच खांदे होते, थोडे पुढे झुकलेले. यांचंच सुटलेलं पोट होतं. बापानं लहानपणापासून पाहिलेलं अंग, त्यांच्या हातानं न विचारताच तसं केलं होतं. डोक्यावर टोपी नाही, गळ्यात पाटी नाही. आंधळ्यानंसुद्धा ओळखलं असतं.

मग कुणीतरी फस्सकन हसलं, "अबे, हा त जागेश्वर!" आणि हशा जो फुटला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. लोकांना वाटलं, बाबनरावानं कमाल केली. स्वतःच्या काठाचा चोर सापडला नाही, तर घरचा चोर गाडीवर चढवला. कोपऱ्यावरच्या पानठेल्याकडून कुणीतरी हाळी दिली, "कॅसेटचोर घेऊन जाय गे मारबत!" ढोलवाल्यांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी ताल धरला. पोरांनी उचललं, मोठ्यांनी उचललं. काही दिवसांपूर्वी आमच्याच दुकानात गाणी भरून नेलेली माणसं हात वर करून ओरडत होती, कॅसेटचोर, कॅसेटचोर.

हे गाडीच्या चाकाजवळच उभे होते. हातात बडग्याला घालायचा हार होता. यांनी तो खाली ठेवला, आम्हा कुणाकडेही न पाहता दुकानात गेले आणि आतून शटर ओढून घेतलं.

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. सून आहे, पदर डोक्यावर आहे, समोर गाव आहे, यातलं काही मला राहिलं नाही. मी मामाजींचा हात धरून त्यांना ओढत अंगणात नेलं.

"हे काय केलं तुम्ही? अं? पोटच्या पोराला गाडीवर चढवलं? त्यापेक्षा घरातून काढून दिलं असतं तर बरं झालं असतं. इतके दिवस जेवताना काही वाटलं नाही, आणि आज सगळ्या नागपुरासमोर चोर ठरवलंत त्याला!"

मामाजी माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"चोर? कोन चोर ठरवला?" ते म्हणाले. "बडग्याले सदरा कोनाचा घालतात वं? ज्याले पीडा असते त्याचाच. अंगावरचा. सदऱ्यासंगं पीडा निघून जाते, जळून जाते. माह्या बापानं मले असंच शिकवलं. हिवतापाच्या वर्षी गणपतरावचा सदरा घातला होता, तो उठून बसला ना? मी जागेश्वरची पीडा काहाडून राहिलो, बाई."

मला जुना एकेक बडग्या आठवू लागला. हिवतापाच्या वर्षी गणपतरावांचा सदरा पांढरा होता. हुंड्याच्या वर्षीचा कुणा मुलीच्या बापाचा असणार, तोही पांढरा. आजवरच्या प्रत्येक बडग्यानं कुणा ना कुणा दुखणाऱ्या माणसाचा सदरा घातला होता, आणि गल्लीला ते कधी कळलंच नव्हतं, कारण पांढरे सदरे सगळे सारखेच. मामाजींनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या मते ते सगळ्यांना ठाऊक असणार.

बाहेर आवाज वाढत होता. मामाजींनी तो ऐकला, आता नीट ऐकला. लोक काय ओरडत आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हाताऱ्यानं किती जपून, किती मायेनं ते सगळं केलं होतं. मला रडू आलं.

"लोकांना समजावून सांगा," मी म्हटलं.

"आता कोन ऐकते?" ते म्हणाले आणि बाहेर निघाले. मी मागोमाग गेले.

ते गाडीवर चढले. लोकांना वाटलं, पोतडीतून आणखी काही तमाशा निघणार, म्हणून जोरात शिट्ट्या वाजल्या. मामाजींनी डोक्यावरची टोपी काढली. आमच्या घरात मी आल्यापासून त्यांना चारचौघांत उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. ती टोपी त्यांनी बडग्याच्या डोक्यावर बसवली. मग अंगातली बंडी काढली आणि पोपटांच्या सदऱ्यावरून बडग्याच्या अंगात घातली. एक बाही, मग दुसरी. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याच्या कानांवर अडकवला. गाडीवर आता जागेश्वर नव्हता. तिथे बाबनराव उभा होता, आणि त्याच्या शेजारी उघड्या अंगाचा, उघड्या डोक्याचा दुसरा बाबनराव.

ढोल एकेक करत थांबले.

"हं, ओरडा," मामाजी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण गल्ली आता गप्प होती. "दुकान माह्या घरात आहे. माह्या मागाच्या खड्ड्यावर आहे. त्याचंच मी खातो. कॅसेटी तुमी नेल्या, पैसा त्यानं घेतला अन् भाकर मी खाल्ली. ओरडाचं असन त माह्या नावानं ओरडा."

कोण ओरडणार? पानठेल्यावरचा तो हाळी देणारा आपल्या चपला न्याहाळू लागला. यमुताई तेवढ्या पुढे झाल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माह्यापाशी चार आहेत गा भरलेल्या, भजनाच्या. मलेही बांधा गाडीले."

तेवढ्यात मधुकरराव पाटी घेऊन धावत आले. गाडीवरचं ध्यान पाहून ते उभेच राहिले. "बाबनराव, हे काय? कायदा कुठं आहे? बडग्या कायद्याचा ठरला होता ना?"

"आना ती पाटी," मामाजी म्हणाले. "बांधा त्याच्या गळ्यात. कायदा खराब आहे असं काही मले वाटत नाही, मधुकरराव. असा कायदा मीच मांगत होतो. तवा तो माह्या दारात नाही आला. आता आला त कंपनीवाल्याच्या जीपमंदी बसून आला, अन् माह्याच पोराले घेऊन गेला. मले त्याचा राग आहे. बांधा."

मधुकररावांना हे सभेत सांगण्यासारखं वाटलं नसावं. त्यांनी मुकाट्यानं पाटी बांधली.

गाडी निघाली. आमच्या गल्लीचा बडग्या त्या वर्षी गोळीबार चौकापर्यंत एकही घोषणा न देता गेला. मागून-पुढून बाकीच्यांचा गजर चालला होता, आणि आमची गाडी मधोमध मयतीसारखी गप्प. मामाजी गाडीच्या मागे चालत होते. कुणीतरी खांद्यावर उपरणं टाकलं होतं, पण डोकं तसंच उघडं. चष्मा नसल्यामुळे ते अंदाजानं पाय टाकत होते. मी मुलीला कडेवर घेऊन बायकांच्या घोळक्यातून त्यांच्यावर नजर ठेवून होते.

चौकाच्या पुढे कुणीतरी गर्दी कापत आलं आणि मामाजींच्या दंडाला धरून चालू लागलं. हे होते. शटरच्या फटीतून यांनी सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं. खड्डा आला की हे मामाजींना बाजूला घेत, एवढंच. हे आल्यावर मग लोकांनाही कंठ फुटला. कुणीतरी "काळा कायदा घेऊन जाय गे मारबत" म्हणालं आणि थोडीफार साथ मिळाली. पेपरवाल्यानं फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला नाही, त्याचं मधुकररावांना फार वाईट वाटलं.

तलावाजवळच्या मैदानात बडगे जाळले. आमचा बडग्या पेटला तेव्हा यांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसले. धूर झाला होता खरा, पण धूर दुसऱ्या बाजूला जात होता. मामाजी म्हणाले, "गेली पीडा," आणि नमस्कार केला. त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. माझा नव्हता. डेक चौकीतच होते आणि खटला उभाच होता.

परतताना गर्दी पांगली होती. आम्ही तिघं आणि कडेवर झोपलेली मुलगी. ऊन चढलं होतं. हे एकदम थांबले.

"बाबा, एक विचारतो. खरं सांगा. मी चोर आहो का?"

अखेर विचारलं बाई. मला वाटलं, आज तरी म्हातारा नाही म्हणेल. आज एवढं झालं, एक शब्द खोटा बोलला तर काय बिघडतं?

मामाजी पुढे दोन पावलं गेले होते. ते परत आले.

"आहेस," ते म्हणाले. "माहा काठ उसवून नेनारा चोर होता का नाही? मंग तू कसा नसशीन? त्या गान्यामांगं कोनी तरी माह्यासारखा बसला असनच ना, कुठं तरी."

यांची मान खाली गेली. मला मामाजींचा इतका राग आला की मी तोंड उघडलंच होतं. पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग तोच हात त्यांनी यांच्या चेहऱ्याकडे नेला. चष्मा नव्हता, म्हणून आधी हनुवटीला लागला, मग गालाला.

"त्या काठवाल्याले मी कवा पाह्यलं नाही," ते म्हणाले. "इतकी वर्सं झाली, रोज शिव्या देतो त्याले. तुले देऊन पाह्यल्या, मनातल्या मनात. नाही देता आल्या रे. तो निसता चोर होता. तू माहा आहेस."

भर रस्त्यात हे लहान मुलासारखे रडू लागले. समोरून नाचत-गात दुसऱ्या गल्लीची पोरं परत येत होती, ती बाजूनं निघून गेली. मामाजी यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मीही उभी राहिले. मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

थोड्या वेळानं मामाजी म्हणाले, "कोर्टाची तारीख कवा आहे तुही?"

जीप येऊन गेल्यापासून त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं.

"पुढच्या सोमवारी," हे म्हणाले.

"मी येतो," मामाजी म्हणाले, आणि आम्ही घरी जेवायला निघालो.